गाव न सांगणारा कवी

कंधारला लोक जातात ते किल्ला, त्याचा खंदक आणि जगत्तुंग सागर पाहायला. पण राष्ट्रकूटांच्या काळाचा अदमास घ्यायचा तर तिथल्या क्षेत्रपालाच्या भग्न मूर्तीचे तुकडे पाहावेत. मूर्ती अखंड उरलेली नाही. तरी नुसत्या पावलाच्या आकारावरून अख्खी मूर्ती केवढी असेल याचा हिशेब मनात सुरू होतो, आणि तो माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट पुढे जातो. एवढा दगड खाणीतून काढणारे, ओढून आणणारे आणि घडवणारे हात कुणाचे, हे कुठे कोरलेले नाही. राजाचे नाव मात्र पक्के आहे. दहाव्या शतकातला राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण ‘कंधारपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा कंधारपुराचा स्वामी, म्हणवून घेत असे. त्याच्या काळातला कंधारचा शिलालेख उपलब्ध आहे. इथल्या देवळांना दिलेली दाने त्यात आहेत आणि ‘जगत्तुंगसमुद्र’ हे तलावाचे नावही आहे. याच घराण्याची दुसरी बिरुदावली आणखी बोलकी आहे: ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, हे मत आता बहुतेक सर्व अभ्यासकांना मान्य आहे. राजधानी मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, स्वाऱ्या गंगेपासून कांचीपर्यंत, आणि नावापुढे मात्र मूळ गावाची पाटी. गाव सोडलेल्या घराण्यांची ही जुनी खोड. सत्ता कितीही वाढो, ‘आम्ही मूळचे तिथले’ हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि याच सम्राटाच्या राज्यात एक परदेशी कवी येतो, आपले आईबाप सांगतो, गोत्र सांगतो, रंगरूप सांगतो, झालेला अपमान सांगतो, आणि गाव तेवढे सांगत नाही. या कवीचे नाव पुष्पदंत. गाव न सांगणे हा त्याचा विसर नव्हे, ही त्याची भूमिका होती, आणि त्याच्या कवितेची भाषा व शिकवण दोन्ही त्या भूमिकेतून निघाल्या, असे माझे म्हणणे आहे.

त्याच्या येण्याचा प्रसंग त्यानेच आपल्या ‘महापुराणा’च्या आरंभी लिहून ठेवला आहे. लांबचा प्रवास करून थकलेला हा माणूस नगराबाहेरच्या झाडीत विसावला आहे. अंमइय आणि इंदराय नावाचे दोन पुरुष त्याला पाहतात आणि विचारतात, एवढे मोठे नगर समोर असताना या निर्जन जागी का बसलात? त्यावर पुष्पदंत उसळतो. डोंगरकपारीत राहून गवत खाल्लेले बरे, पण दुर्जनांच्या चढलेल्या भुवया पाहाव्या लागू नयेत, असा त्याच्या उत्तराचा रोख आहे. राजलक्ष्मीबद्दल तर तो फारच कडवट बोलतो: चवऱ्यांच्या वाऱ्याने तिथले गुण उडून जातात आणि अभिषेकाच्या पाण्याने सज्जनपणा धुऊन निघतो. मग ते दोघे त्याला राजाचा मंत्री भरत याची ओळख सांगतात. हा माणूस वेगळा आहे, कवींची कदर जाणतो, चला. पुष्पदंत जातो. भरत त्याला सन्मानाने घरात घेतो, न्हाऊमाखू घालतो, जेवू घालतो, आणि काही दिवस गेल्यावर हळूच एक गोष्ट काढतो. तुम्ही पूर्वी भैरव नावाच्या राजाची स्तुती केली, त्यातून मिथ्यात्वाचा दोष लागला. आता महापुरुषांची चरित्रे गाऊन त्याचे प्रायश्चित्त घ्या. म्हणजे हा कवी आधीही एका दरबारात होता, तिथे काहीतरी बिनसले आणि तो बाहेर पडला. काय बिनसले, ते तो सांगत नाही. राग मात्र ताजा आहे.

काळ नेमका ठरवता येतो, हे या प्रकरणातले भाग्य. ग्रंथ सिद्धार्थ संवत्सरात सुरू झाला, म्हणजे इ.स. 959 मध्ये, आणि क्रोधन संवत्सरात, 965 मध्ये, संपला. ते 959 साल विलक्षण आहे. त्याच वर्षीच्या कऱ्हाडच्या ताम्रपटात कृष्ण मेलपाटीच्या छावणीत आहे. चोळांना हरवून दक्षिणेचे प्रांत तो आपल्या माणसांना वाटून देतो आहे. त्याच वर्षी वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या आश्रयाने गंगाधर गावी सोमदेवसूरींचे ‘यशस्तिलक’ पूर्ण झाले. सोमदेवही राजाला मेलपाटीलाच ठेवतात, आणि पुष्पदंताच्या आरंभीच्या कडवकातही मेपाडी हे नाव येते. तीन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला हा मजकूर एकमेकांना असा दुजोरा देतो, तेव्हा पुष्पदंताचे आत्मकथन निव्वळ कल्पना म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याने राजाचे नाव ‘तुडिग’ असे बोलीतले दिले आहे आणि चोळाचे मस्तक तोडणारा म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. 949 च्या तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला होता, तोच हा संदर्भ. पण उल्लेख तिथेच संपतो. राजाने बोलावले, मान दिला, पदवी दिली, असे काही तो लिहीत नाही. याच कृष्णाने कन्नड कवी पोन्नाला ‘उभयकविचक्रवर्ती’ ही पदवी दिली होती, संस्कृत आणि कन्नड या दोन भाषांसाठी. पुष्पदंताची भाषा या दोन्हींत बसत नव्हती.

ती भाषा अपभ्रंश. नावच पाहा: घसरलेली, बिघडलेली वाणी. पतंजलीने ‘गो’ या शुद्ध शब्दाची गावी, गोणी, गोता अशी रूपे देऊन ज्यांना अपशब्द ठरवले, त्यांच्याच वंशातली ही बोली. तोवर तिला काव्यात जागा मिळाली होती हे खरे, स्वयंभूसारखा मोठा कवी पुष्पदंताच्या आधी होऊन गेला होता. पण मान्यखेटात ती घरची नव्हती. दहाव्या शतकाच्या आरंभी भारतात येऊन गेलेला अरब प्रवासी अल मसूदी ‘बल्हरा’ म्हणजे वल्लभराज याच्या मानकीर नगराचे वर्णन करतो आणि तिथले लोक ‘किरिया’ भाषा बोलतात असे नोंदवतो. ही किरिया म्हणजे कन्नड, असे अभ्यासक मानतात. म्हणजे दरबारात संस्कृत, रस्त्यावर कन्नड, आणि हा पाहुणा तिसरीच भाषा घेऊन आलेला. ग. वा. तगारे यांनी अपभ्रंशाच्या ऐतिहासिक व्याकरणात पुष्पदंताची भाषा दक्षिणी अपभ्रंशात धरली आहे, आणि मराठीच्या पूर्वपीठिकेचा विचार करताना याच साहित्याकडे वळावे लागते. नाथूराम प्रेमींनी तर त्याच्या शब्दांवरून तो वऱ्हाडातला, कदाचित रोहणखेडचा, असावा असा तर्क केला. तर्क आकर्षक आहे. मराठी माणसाला तर तो मोहात पाडणाराच. पण तो स्वीकारला की कवीने जे उघडे ठेवले ते आपण त्याच्या वतीने बुजवतो.

मराठवाड्यात आजही नवख्या माणसाला पहिला प्रश्न गावाचा असतो आणि दुसरा आडनावाचा. ही दोन उत्तरे मिळाली की तिसरा प्रश्न विचारावा लागत नाही. दहाव्या शतकातही पद्धत फार निराळी नसावी. पुष्पदंताच्याच काळातल्या दुसऱ्या स्थलांतरित घराण्याचे उदाहरण घ्या. कन्नडचा आदिकवी पंप वेमुलवाड्याला, म्हणजे नांदेडपासून फार लांब नाही अशा मुलखात, अरिकेसरीच्या दरबारी होता. त्याचा भाऊ जिनवल्लभ याने कुरिक्यालजवळच्या टेकडीवर संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत लेख कोरवला, आणि त्यात आपले घराणे वेंगी भागातल्या वंगिपर्रू गावचे, हे आजोबांपासून सविस्तर सांगितले. जन्माने ब्राह्मण, वडिलांच्या पिढीत जैन झालेले. पुष्पदंताचीही कथा तीच: वडील केशवभट्ट, आई मुग्धादेवी, गोत्र काश्यप, आधी शिवभक्त आणि मग जैन. फरक एवढाच की पंपाच्या घराण्याने गाव सांगितले आणि अरिकेसरीकडून त्याला धर्मपूर हा अग्रहार इनाम मिळाला. पुष्पदंत गावाच्या जागी स्वतःचे शरीर ठेवतो. काळा, अतिशय कुरूप, कृश. घर नाही, बायकोमुले नाहीत. अंगावर जुनेर नाहीतर वल्कल, झोपायला जमीन, आंघोळीला नदी किंवा तळे. आणि या सगळ्या काळोखात एक गोष्ट चमकते, ती म्हणजे दात. हसला की दंतपंक्तीने दिशा उजळतात, असे तो आपल्या नावावर श्लेष करून सांगतो. त्याने धारण केलेली नावेही अशीच आहेत. ‘काव्यपिसल्ल’ म्हणजे कवितेने झपाटलेला पिसा. ‘सरस्वतीनिलय’. आणि त्याला सर्वांत प्रिय असलेले ‘अभिमानमेरू’. लट्टलूरचे नाव राजांनी जिथे लावले, बरोबर त्या जागी या माणसाने अभिमान लावला.

इथे जाणकार वाचक अडवील. दुर्जनांची निंदा, स्वतःच्या अज्ञानाची कबुली, आश्रयदात्याची थोरवी, हे सगळे काव्याच्या आरंभी यायचेच. तो संकेत आहे, त्यावरून माणूस कसा ओळखणार? आक्षेप वजनदार आहे. पुष्पदंतही मला व्याकरण येत नाही, भारवी-बाण ठाऊक नाहीत, असे म्हणतो आणि ते म्हणतानाच सगळी नावे घेऊन आपण काय काय वाचले आहे ते दाखवतो. तेवढा भाग मी संकेतात जमा करायला तयार आहे. पण संकेताला सोसवत नाहीत अशा तीन गोष्टी उरतात. पूर्वीच्या राजाची केलेली स्तुती हा दोष होता, हे आश्रयदात्याच्या तोंडून वदवून घेणे कवीला शोभा देणारे नाही. ते न सांगता काव्य सुखाने सुरू झाले असते. दुसरी, अडतिसाव्या संधीच्या, म्हणजे सर्गाच्या, आरंभी तो सांगतो की मध्यंतरी मन विटले आणि लिहिणे थांबले. सरस्वती स्वप्नात आली, तरी तो उदासच होता; अखेर भरताने येऊन पुन्हा विनवले. मंगलाचरणाचा संकेत ग्रंथाच्या तोंडाशी असतो, ऐन मध्यात असे खचणे संकेतात कुठे बसते? आणि तिसरी गोष्ट देहाची. नम्र कवी आपली बुद्धी मंद म्हणतो. आपण कुरूप आहोत हे तो श्रोत्यांना सांगत नाही. त्यांच्या नजरेत जे आधीच दिसत होते ते पुष्पदंताने आपल्या शब्दांत घेतले आणि त्याची धार काढून टाकली.

आता शिकवणीकडे. त्रेसष्ट शलाकापुरुषांचे हे महापुराण दिगंबर परंपरेत संस्कृतात आधीच होते. नवव्या शतकात जिनसेनांनी ते आरंभले आणि शिष्य गुणभद्रांनी पुरे केले. जिनसेन हे पहिल्या अमोघवर्षाचे गुरुस्थानी. राजमान्य भाषेत, राजगुरूच्या हातून झालेला ग्रंथ असताना शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच विषय 102 संधींत अपभ्रंशात मांडायची गरज काय होती? ज्यांच्यापर्यंत तो पोचला नव्हता त्यांच्यासाठी, हेच उत्तर संभवते. त्या काळच्या शाळेचे चित्र साळोटगीच्या लेखात आहे. 945 मध्ये कृष्णाचाच मंत्री नारायण याने इंडीजवळच्या त्या अग्रहारात विद्याशाला बांधली. वेगवेगळ्या जनपदांतून विद्यार्थी येत. त्यांच्या राहण्यासाठी 27 घरे आणि खर्चासाठी 500 निवर्तने जमीन होती. दिव्यांच्या तेलासाठीही वेगळी जमीन लावून दिली होती. परगावच्या मुलांसाठी अशी सोय हजार वर्षांपूर्वी व्हावी हे कौतुकाचेच. पण ती शाळा वैदिक विद्येची. घर सोडून, धर्म बदलून, अपभ्रंशात लिहिणाऱ्याला तिथे फळीवर जागा नव्हती. पुष्पदंताची शाळा भरताच्या वाड्यात भरली. ग्रंथाच्या हस्तलिखितांत संधींच्या सुरुवातीला काही संस्कृत श्लोक आहेत. त्यांतला एक भरताच्या घराचे वर्णन करतो. इथे वाचक मोठ्याने काव्य वाचताहेत, कुणी गाताहेत, तिथे लेखक अखंड उतरवून घेताहेत, आणि हे सारे पुष्पदंताची मैत्री जडल्यापासून. म्हणजे शिकवणे हे इथे काव्य वाचून दाखवणे, गाणे आणि प्रती करणे असे एकत्रच चाललेले दिसते. पुढे तीन शतकांनी भडोचहून आलेल्या चक्रधरांनी महाराष्ट्रात फिरत मराठीतून निरूपण केले, तेव्हाही बाहेरून आलेल्या माणसानेच इथल्या बोलीला शिकवणीचा मान दिला. दोघांत थेट धागा दाखवता येत नाही आणि ओढूनताणून दाखवूही नये. पण घरच्या बोलीतले सामर्थ्य पुष्कळदा पाहुण्याच्या आधी लक्षात येते, याला इतिहासात एकच दाखला नाही एवढे म्हणता येते.

यावर दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. काश्यप गोत्राचा, भट्टाचा मुलगा, अनेक शास्त्रे वाचलेला, मंत्र्याच्या घरी जेवणारा, हा कसला उपेक्षित? ‘परिघावरचा’ हा शब्द आपण फारच स्वस्त करतो आहोत. बरोबर आहे. पुष्पदंताला अपमान सोसावा लागला, पण त्याच्या अपमानाची कैफियत लिहायला त्याच्याकडे विद्या होती, उतरवून घ्यायला लेखक होते, जपून ठेवायला ग्रंथभांडार होते. कंधारच्या क्षेत्रपालाचा दगड ओढणाऱ्यांकडे यांतले काहीच नव्हते. अग्रहाराच्या शेतावर नांगर धरणारा, तलावाचा बांध घालणारा, स्वारीबरोबर मेलपाटीपर्यंत ओझी वाहणारा, यांनीही गावे सोडलीच असतील. भरताच्या वाड्यातले दूधभातही अखेर कुणाच्या तरी शेतसाऱ्यातूनच आले. तेव्हा पुष्पदंताला त्या सर्वांचा आवाज ठरवणे खोटेपणा होईल; त्याने तसा दावाही केलेला नाही. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, की मग त्याच्या दुःखाला काही किंमतच नाही, हा मान्य करता येत नाही. जन्माने मिळालेले जे त्याच्याकडे होते त्यातले गोत्र त्याने सांगितले, पण त्यावर काही मागितले नाही. ज्या भाषेने इनाम मिळत होते ती येत असूनही मोठे काव्य त्या भाषेत केले नाही. शिवभक्तीचे घर सोडले, राजाचा दरबार सोडला. निवडून सोडलेली जागा आणि कधीच न मिळालेली जागा यांत फरक आहे. पण निवडून सोडणाऱ्याने लिहून ठेवले म्हणूनच त्या काळात एका निराश्रित माणसाला नगरवेशीबाहेर कोणत्या नजरेने पाहत, ते आज आपल्याला कळते. मूर्तिकारांच्या बाजूने असा एकही कागद नाही. इतिहासकाराला जे आहे त्यावर चालावे लागते, आणि जे नाही त्याची जागा मोकळी ठेवावी लागते.

तिसरी शंका कंधारची. कवी मान्यखेटचा, मग कंधारचे नाव कशाला? कारण राष्ट्रकूटांचे राज्य एका राजधानीत मावणारे नव्हते. ‘कविराजमार्ग’ हा नवव्या शतकातला कन्नड ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. कंधार गोदावरीच्या दक्षिणेला, मन्याडच्या खोऱ्यात. म्हणजे त्या सीमेच्या अगदी काठावर. पूर्वेकडे बोधन, जिथे वेमुलवाड्याच्या चालुक्यांची आधीची राजधानी होती. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीरकडे कन्नड अजून घरात बोलली जाते. कंधार कुणाचे, कन्नडचे की मराठीचे, हा वाद घालणाऱ्यांना तिसऱ्या कृष्णाची बिरुदे दोन्ही बाजूंनी वापरता येतात, आणि वापरलीही जातात. पुष्पदंताने मात्र या वादात साक्ष द्यायचे आधीच नाकारून ठेवले आहे.

कृष्ण 967 च्या सुमारास गेला. पाचच वर्षांनी, 972 मध्ये, माळव्याच्या सीयक परमाराने मान्यखेट लुटले. धनपालाने आपल्या ‘पाइअलच्छी’ या प्राकृत कोशाचा काळ सांगताना याच लुटीची खूण दिली. धाकट्या बहिणीसाठी रचलेला तो कोश, आणि तारीख मात्र एका शहराच्या नाशाची. पुष्पदंताच्या हस्तलिखितांतही एक श्लोक आहे. दीनांचा आधार, गजबजलेले, वेलींनी बहरलेले मान्यखेट धारेच्या राजाच्या कोपाग्नीत जळाले, आता पुष्पदंत कवी राहील कुठे? 965 मध्ये संपलेल्या ग्रंथात 972 ची घटना कशी, असा प्रश्न पडतो. हे श्लोक पुढच्या प्रतींत घातले गेले, हे त्याचे सरळ उत्तर आहे. त्याच्याच ‘जसहरचरिउ’ या काव्याच्या शेवटी दुष्काळ आहे, ओस पडलेला मुलूख आहे, माणसांच्या कवट्या आणि हाडे आहेत, आणि अशा वेळी भरताचा मुलगा नन्न याने आपल्याला घरात ठेवून चांगले अन्न दिले, याची कृतज्ञ नोंद आहे. लुटीच्या पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. पुष्पदंताचे ग्रंथ पुन्हा छापून वर आले ते विसाव्या शतकात. ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये प. ल. वैद्यांनी आणि ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये हिरालाल जैनांनी संपादित केले, दोन्ही वऱ्हाडातल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत. ‘महापुराणा’चे तीन खंड वैद्यांनीच 1937 ते 1941 या काळात मुंबईतून काढले. नन्नाच्या घरानंतर कवी कुठे गेला, याचा मागमूस यांतल्या एकाही पोथीत लागत नाही.